व्हीएनएस बसवून वर्ष उलटलं: मुलाच्या फिट्समध्ये काय फरक पडला

माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला व्हीएनएस, म्हणजे मेंदूकडून मानेतून खाली जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला करंट देणारं यंत्र बसवून वर्ष होऊन गेलं. फिट्स थांबतात का, हे सगळे आधी विचारतात. आमच्याकडे थांबल्या नाहीत. कमी झाल्या, आणि येतात त्या लवकर आटोपतात. पूर्वी फिट गेल्यावर तो अर्धा दिवस ग्लानीत पडून असायचा, आता तासाभरात उठून जेवायला मागतो. आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे.

दोन योग्य औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स येत राहिल्या, तर औषधांना दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात. आमची व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटॅम, क्लोबाझाम सगळी करून झाली होती. व्हिडिओ ईईजीमध्ये, म्हणजे पेशंटचं चित्रण करत मेंदूच्या लहरी नोंदवणाऱ्या तपासणीत, झटके मेंदूच्या दोन्ही बाजूंनी सुरू होताना दिसले, त्यामुळे मेंदूचा झटके सुरू होणारा तेवढा भाग काढण्याची शस्त्रक्रिया शक्य नव्हती. व्हीएनएसला अमेरिकेत १९९७ मध्येच मान्यता मिळाली आहे, तेव्हा हा प्रयोग नाही हे घरच्यांना पटवता आलं. खर्च मात्र लाखांत आहे आणि विम्याने हात वर केले. ऑपरेशनआधी लेखी मंजुरी मागाच.

छातीच्या डाव्या बाजूला कातडीखाली बॅटरीची चकती आणि तिथून मानेत गेलेली, डाव्या व्हेगस नर्व्हभोवती गुंडाळलेली वायर. मेंदूला हात लावत नाहीत. साधारण तीस सेकंद करंट, मग पाच मिनिटं बंद, असं दिवसरात्र चालतं. सुरुवात ०.२५ मिलीअँपिअरने झाली. डॉक्टर छातीवर वाँड, म्हणजे बाहेरून यंत्राचं सेटिंग बदलायचं उपकरण, धरून हळूहळू करंट वाढवत गेले. पहिले काही महिने काहीच फरक कळेना, मिस्टर तर वैतागले होते. पण याचा गुण सावकाश येतो. दीड-दोन वर्षांनी साधारण निम्म्या पेशंटच्या फिट्स निम्म्याने तरी कमी होतात. पूर्ण बंद होणारे थोडेच. मी फिट्सची वही रोज लिहिते, म्हणून आमचा फरक दिसला. नुसत्या आठवणीवर विसंबले असते तर चौथ्या महिन्यातच यंत्र वाया गेलं म्हटलं असतं.

त्रास आवाजाचा. जेवताना काही सांगत असतो आणि मध्येच करंट सुरू झाला की आवाज घोगरा होतो, घशात गुदगुल्या होऊन खोकला येतो. तो घास चावत थांबतो, आवाज मोकळा झाला की तेच वाक्य पुढे चालू. तोंडी परीक्षेला डॉक्टरांना विचारून यंत्रासोबत मिळालेला मॅग्नेट छातीवर धरून ठेवला. धरलेला असेपर्यंत करंट बंद राहतो. गणपतीत आरतीलाही तसंच केलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकला.

तोच मॅग्नेट फिट सुरू होताना चकतीवरून सेकंदभर फिरवला की जादा करंट मिळतो. कधी फिट तिथेच अडते, कधी काहीच उपयोग होत नाही. आमच्या मॉडेलमध्ये हृदयाचे ठोके एकदम वाढले की यंत्र आपणहून करंट देतं. त्यामुळे जिना धावत चढला तरी ते चालू होतं, घाबरू नका. झोपेत घोरणं किंवा श्वास अडकणं वाढलं तर मात्र लगेच सांगा. एमआरआयआधी यंत्राची माहिती द्यावीच लागते. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक अजिबात चालत नाही, ही गोष्ट मी नातेवाइकांनाही बजावून ठेवली आहे.

गोळ्या चालूच आहेत, एक फक्त कमी झाली. पुन्हा निर्णय घ्यायचा झाला तर आम्ही हाच घेऊ. पण ज्यांच्या मुलाचे झटके मेंदूच्या एकाच जागेतून येतात, त्यांनी आधी एपिलेप्सी सर्जरी करणाऱ्या केंद्रात पूर्ण तपासणी करून घ्यावी. त्या ऑपरेशनने फिट्स कायमच्या बंद होण्याची शक्यता व्हीएनएसपेक्षा खूप जास्त असते. ते जमणार नाही असं तिथल्या टीमने सांगितलं, मग व्हीएनएसचं बघा.