बाहेरून रंगवलेला पंप

बाबांची डिझेल ॲम्बेसेडर अजून आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी आहे. 1489 सीसीचं इंजिन आणि त्याला डिझेल पुरवणारा सीएव्ही कंपनीचा डीपीए रोटरी पंप. गेल्या पावसात तिला नवीच खोड लागली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, पण म्हार्दोळच्या देवळात अर्धा तास थांबून परत निघावं तर बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला तरी ढिम्म. तिथल्या एका जुन्या टॅक्सीवाल्या काकांनी पंपावर ओलं फडकं टाकलं, वर दोन तांबे पाणी ओतलं, आणि गाडी लागली!

"हेड-रोटर झिजलाय बाबा," ते म्हणाले. म्हणजे पंपाच्या आतला फिरता दांडा आणि तो ज्यात बसतो ते घर. डिझेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या रोटरच्या फटीतून गळतं. सेल्फच्या मंद फेऱ्यांवर मग इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. पंप गार केला की डिझेल पुन्हा जरा दाट होतं.

म्हणजे रोग आधीच कळला होता. फसलो ते औषधात.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आठ दिवसांवर आलेली. गणपतीवर फळं-पानं टांगायच्या माटोळीचं सामान, गावचं घर, सगळं गाडीवर अवलंबून. गॅरेजवाला म्हणाला, "पात्राव, पंप ठेवून जा, नवा हेड-रोटर घालून परवा देतो." साडेअठरा हजार सांगितले, मी घासाघीससुद्धा केली नाही. परवा पंप आला तो चांदीसारखा चकचकीत, तारेला नवं शिशाचं सील. पंप तपासायच्या यंत्राचा, म्हणजे टेस्ट बेंचचा, कागद मागितला तर "पावसात प्रिंटर बंद आहे". मला तेव्हाच थांबायला हवं होतं, पण डोक्यात चवथ.

चार दिवस गाडी गरम असतानाही लागली. फक्त चढावर काळा धूर इतका की मागचे लोक हॉर्न मारायचे. पाचव्या दिवशी पुन्हा तेच ओलं फडकं. फोन केला तर म्हणे, "हल्लीचं डिझेलच खराब."

शेवटी पंप उतरवून चोर्ला घाटातून बेळगावला नेला. तिथल्या पंपवाल्याने मला बेंचसमोर स्टूलच दिलं. सेल्फच्या वेगाला फिरवल्यावर मापाच्या नळ्यांत डिझेल जेमतेम तळाला. मग त्याने पंप खोलला. आतल्या रबरी रिंगा नव्या, रोटर मात्र जुनाच. त्यावरून नख फिरवलं तर ओरखडे लागत होते. "डिझेल वाढवून दिलंय हो, म्हणून चार दिवस चालली," तो म्हणाला. जास्तीचं डिझेल नीट जळत नव्हतं, धुराचं कोडं तिथे सुटलं. हेड आणि रोटर एकमेकांत घासून जुळवलेली जोडी असते, बदलायची तर दोन्ही एकदम. त्याने माझ्यासमोर नवी जोडी पाकिटातून काढून बसवली, डिझेलचं माप जुळवल्याचा, म्हणजे कॅलिब्रेशनचा, कागद दिला आणि न मागता जुनी जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवली.

ती पुडी घेऊन मी थेट त्या गॅरेजवर गेलो. त्याने रोटर उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "पात्राव, हा आमच्याकडचा कशावरून?"

पंप देताना मी नंबराचा फोटो काढला नव्हता, जुने पार्ट मागितले नव्हते. खिशातल्या कच्च्या बिलावर फक्त 'पंप काम' आणि 18,500 एवढंच. खाली सहीसुद्धा नव्हती.