खारदुंग ला: चढायचं श्रीनगरकडून की मनालीकडून?

पोळा आटोपला, सोयाबीन अजून काढणीला आलं नाही, त्या फटीत वणी-दारव्ह्याहून लडाखमधल्या लेहपुढच्या खारदुंग लाला (ला म्हणजे खिंड) बोलेरो काढायची तर चढ श्रीनगरकडूनच घ्या. आपण राहतो जेमतेम तीनेकशे मीटरवर. कारगिलचा मुक्काम २,६७६ मीटरवर, मग फोतू ला ४,१०८. अंगाला उंची हळूहळू पचते. मनालीकडून अनेकांची दुसरीच रात्र सरचूला, जवळपास ४,३०० मीटरवर पडते. डोकं ठणकतं, ओकाऱ्या होतात, अन् पुढे तंगलंग ला ५,३२८ मीटर उभाच. शिवाय या रस्त्यावर टांडीला टाकी फुल्ल करा, लेहजवळच्या कारूपर्यंत पंप गृहीत धरू नका. परतीला मात्र मनाली झकास.

रस्ता कोणताही असो, लेहला (३,५०० मीटर) दोन रात्री काढल्याशिवाय ५,३५९ मीटरच्या खारदुंग लाला जाऊ नका. वर पंधरा मिनिटं पुरे. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या.