गुडघेदुखी: बर्फ की गरम शेक?

गुडघा मुरगळून सुजला, हाताला गरम लागतोय, तर बर्फ. तुकडे ओल्या पंच्यात गुंडाळून 15 मिनिटे, दिवसातून 3-4 वेळा, पहिले 2 दिवस. थेट कातडीवर नको, भाजल्यासारखे चट्टे उठतात. अशा ताज्या सुजेवर गरम शेक देण्याची चूक घरोघरी होते. उष्णतेने रक्तप्रवाह वाढतो आणि सूज आणखी चढते.

झिजेमुळे सकाळी आखडणाऱ्या गुडघ्याला मात्र शेकच बरा: गरम पाण्याच्या पिशवीला टॉवेल गुंडाळून 15-20 मिनिटे. पण तेवढ्यावर थांबू नका! शेकाने दुखणे तात्पुरते कमी होते, गुडघ्याला आधार मांडीचा स्नायू देतो. तो बळकट करायला: पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने 5 सेकंद दाबायची, 10 वेळा.

मधुमेहाने पाय बधिर असतील तर बर्फ आणि शेक दोन्ही टाळा. गुडघा लाल आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.