लक्झरी एसयूव्हीच्या लीजमध्ये माझे ६,२७७ डॉलर कसे गेले

हा मजकूर मी सात महिन्यांपूर्वीच लिहायला हवा होता. लिहिला नाही, कारण लाज वाटत होती. इतरांचे हिशेब तपासण्यात ज्याच्या नोकरीची एकवीस वर्षे गेली, त्या माणसाला इथे अमेरिकेत गाडीच्या एका दुकानात ३६ महिन्यांच्या लीजवर (गाडी विकत न घेता मुदतीपुरती दरमहा हप्त्याने वापरायला घेण्याच्या करारावर) ६,२७७.५६ डॉलरना गंडवले गेले, हे घरच्यांनाही सांगताना माझी जीभ अडखळते. पण गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका तरुण जोडप्याने अगदी याच रीतीने सही केली. मी आधी बोललो असतो तर त्यांचे पैसे वाचले असते, हे कळल्यापासून गप्प बसणे मला अपराध वाटू लागले आहे.

मी बेसावध गेलो नव्हतो, हे आधी नोंदवतो. ज्या एसयूव्हीची छापील किंमत ६८,००० डॉलर होती, तिच्यासाठी मी तीन डीलरांकडून लेखी भाव मागवले, नऊ दिवस फोन आणि ईमेल केले आणि किंमत ६३,९०० डॉलरवर आणली. ४,१०० डॉलर सुटले होते. माझ्या जुन्या गाडीचे ट्रेड-इन (जुनी गाडी डीलरला देऊन नव्या व्यवहारात वळती होणारी तिची किंमत) म्हणून ९,२०० डॉलर देण्याचे सेल्समनने मला मोबाइलवर संदेश पाठवून कबूल केले होते, आणि तो संदेश आजही माझ्याकडे आहे. लीजमध्ये वर्षाला किती मैल चालवायचे याची मर्यादा असते; मला १२,००० मैल लागतील, हे मी पहिल्याच फोनवर सांगितले होते. एवढी तयारी करून गेलेल्या माणसाला लोक आता ‘वाचून सही करायची होती’ असे ऐकवतात, तेव्हा संताप येतो. मी वाचत होतो. मला जे वाचू दिले जात होते, ते मी वाचत होतो.

शनिवार, ३१ मे २०२५, महिन्याचा शेवटचा दिवस. दुपारी दोनला आम्ही दुकानात गेलो आणि रात्री पावणेनऊला बाहेर पडलो. ठरलेल्या किमतीबद्दल कोणी एका शब्दाने वाद घातला नाही, आणि तिथेच मी निर्धास्त झालो. सेल्समनने जाड मार्करने एका कागदावर चार चौकोन आखले आणि मासिक हप्ता लिहिला ८८९ डॉलर. मी नकार दिला. तो तीन वेळा आत जाऊन आला आणि शेवटी ८४५.५२ वर थांबला. हप्ता ४३.४८ डॉलरने उतरवला, याचे मला समाधान वाटले. मूळ व्याजदर आधी मिळवून या टप्प्यावर मी स्वतः गुणाकार-भागाकार केले असते तर कर सोडून हप्ता ७१२.८१ यायला हवा होता, हे पाच मिनिटांत कळले असते. डीलर हप्त्यावर बोलू लागला की बोलणे थांबवा आणि कागद-पेन्सिल मागा. तो हप्ता कुठून आला, हे त्याने आकडे मांडून दाखवेपर्यंत पुढे जाऊ नका.

आता तो क्षण, जो मला अजूनही झोपू देत नाही. मी मनी फॅक्टर (लीजवरचे व्याज ज्यावरून मोजतात तो आकडा) किती, असे विचारले. विचारले होते, हे मला ठासून सांगायचे आहे. सेल्समनने मान वर न करता सांगितले, ‘दोन पूर्णांक सहा.’ त्या दिवसांत गाडीच्या कर्जाचे जे दर मला सांगितले जात होते, ते सहा टक्क्यांच्या पुढे होते, आणि इथे २.६ टक्के मिळत आहेत असे समजून मी मनातल्या मनात खूश झालो. मनी फॅक्टर टक्क्यांत नसतो, तो ०.००२६० असा असतो, आणि त्याला २४०० ने गुणले की वार्षिक व्याजाचा अंदाज येतो, हे मी महिनाभर आधी वाचले होते. ०.००२६ गुणिले २४०० म्हणजे ६.२४ टक्के. समोरच्या माणसाने शून्ये गाळून आकडा सांगितला आणि माझ्या चेहऱ्यावरचा आनंद पाहूनही मला दुरुस्त केले नाही. जे वाचले होते ते त्या क्षणी आठवले नाही, याचा राग मी दुसऱ्या कोणावर काढणार? आकडा तोंडी सांगितला, तर तो दशांश चिन्हानंतरच्या सगळ्या शून्यांसह लिहून घ्या.

दुसरा क्षण फायनान्स मॅनेजरच्या खोलीतला. तिथे कागद नव्हता, टॅब्लेट होता. तो पाने सरकवत होता आणि मी बोटाने सही करत होतो. एका पानावर ट्रेड-इनसमोर ७,२०० हा आकडा मला दिसला. मी हात थांबवला आणि ९,२०० ठरले होते असे म्हटले. त्याने शांतपणे सांगितले की, उरलेले २,००० पहिला हप्ता आणि नोंदणीच्या खर्चात वळते केले आहेत. मला ते पटले. पटायला नको होते, कारण अर्ध्या तासापूर्वीच मी पहिल्या हप्त्याचे ८४५.५२ आणि नोंदणीचे ४७३ असे १,३१८.५२ डॉलर क्रेडिट कार्डाने भरले होते आणि त्याची पावती माझ्या शर्टाच्या खिशात होती. खिशात! पावती काढून त्याच्यासमोर ठेवायला दोन सेकंद लागले असते. पण सात तास बसून थकलेल्या माणसाला उत्तर हवे असते, ते खरे आहे की नाही हे तपासण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही, आणि ही थकावट तिथे मुद्दाम घडवली जाते, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

पत्नी शेजारी बसली होती. तिने मराठीत हळूच म्हटले, ‘अहो, हे सगळे घरी नेऊन बघू या, उद्या सही करा.’ मी तिला गप्प केले, कारण मॅनेजरने आजचा भाव आजच्यापुरता आहे असे दोनदा बजावले होते. तिची त्याबद्दल मी माफी मागितली आहे. आज रात्री बारापर्यंतच, असे कोणी म्हटले की उठा. गाडी तिथेच असते.

अकरा दिवसांनी एका मित्राशी बोलताना उलगडा झाला. त्याने त्याच महिन्यात, त्याच फायनान्स कंपनीकडून, त्याच मॉडेलची लीज दुसऱ्या राज्यात घेतली होती आणि त्याला मनी फॅक्टर ०.००२१० मिळाला होता. मी घरी येऊन करारनामा काढला. त्यात मनी फॅक्टर कुठेही छापलेला नव्हता, आणि तो छापणे कायद्याने बंधनकारकही नाही. १९७६ चा कन्झ्युमर लीजिंग ॲक्ट आणि त्याखालील रेग्युलेशन एम यांनुसार एकूण रेंट चार्ज (लीजवरच्या व्याजासारखी रक्कम) दाखवावा लागतो, दर दाखवावा लागत नाही. माझ्या करारात रेंट चार्ज ९,१२३.६६ डॉलर होता. त्याला ३६ ने भागा. मग जो आकडा येईल त्याला ॲडजस्टेड कॅपिटलाइज्ड कॉस्ट (फी मिळवून आणि ट्रेड-इन वजा करून लीजसाठी धरलेली किंमत) आणि रेसिड्युअल (लीज संपताना गाडीची धरलेली किंमत) यांच्या बेरजेने भागा. माझ्या बाबतीत ५९,३९५ अधिक ३८,०८०, म्हणजे ९७,४७५. उत्तर ०.००२६. आपला करार घरात पडला असेल तर आज हे गणित करून पाहा. मूळ दर (०.००२१०) आणि मला लावलेला दर (०.००२६०) यांतल्या फरकाने एकट्यानेच दरमहा ४८.७४ डॉलर, म्हणजे मुदतीत सुमारे १,७५५ डॉलर खाल्ले. अनेक फायनान्स कंपन्या डीलरांना दर वाढवण्याची मुभा देतात आणि त्या वाढीतला वाटा डीलरला मिळतो. म्हणून दुकानात जाण्याआधी त्या महिन्याचा मूळ मनी फॅक्टर माहीत असलाच पाहिजे.

त्या रात्री आणखी दोन गोष्टी सापडल्या. करारात वर्षाला १०,००० मैल लिहिले होते. मैल कमी केले की रेसिड्युअल वाढते आणि हप्ता उतरतो. ८८९ वरून ८४५ वर येताना त्यांनी आपला नफा सोडला असे मी समजत होतो. त्यातले १७ डॉलर त्यांनी माझे मैल कापून काढले होते. तीन वर्षांत माझे ६,००० मैल जादा होणार आणि मैलाला २५ सेंट दराने १,५०० डॉलर परतीच्या वेळी द्यावे लागणार. दुसरी गोष्ट, ‘प्रोटेक्शन पॅकेज’ या नावाखाली १,३९५ डॉलर एकूण किमतीत मिसळले होते: रंगावर संरक्षक लेप आणि काचांवर गाडीचा क्रमांक कोरणे. मी टॉर्च घेऊन खाली गेलो आणि सगळ्या काचा तपासल्या. एकाही काचेवर काही कोरलेले नव्हते.

ट्रेड-इनमधले २,०००, पॅकेजचे १,३९५, दरातली वाढ आणि या सगळ्यांवर चढलेला रेंट चार्ज, यांतून वाढलेल्या रेसिड्युअलचा फायदा वजा केला की ७१२.८१ चा हप्ता ८४५.५२ होतो. फरक १३२.७१. गुणिले ३६ म्हणजे ४,७७७.५६. नऊ दिवस घासाघीस करून मी ४,१०० डॉलर मिळवले होते; ते सगळे परत गेले आणि वर ६७७.५६ गेले. मैलांचा १,५०० चा दंड यात धरलेला नाही; तो धरला की ६,२७७.५६ होतात. फक्त गाडीची किंमत ठरवून जाणारा माणूस कशात अडकतो, ते या एका वजाबाकीत आहे. किंमत, मनी फॅक्टर, रेसिड्युअल, मैल, ट्रेड-इन आणि प्रत्येक फी हे सगळे एकाच ईमेलमध्ये आल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू नका.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. सेल्समन सुट्टीवर होता. मार्करच्या त्या कागदाबद्दल मी विचारल्यावर मॅनेजरने, असे कागद आम्ही ठेवत नाही, असे सांगितले. (तो कागद मी उठताना माझ्या हातातून काढून घेतला गेला होता. फोटो काढून ठेवा.) मोबाइलवरचा ९,२०० चा संदेश दाखवल्यावर त्याने करारातले एक कलम दाखवले की, आधीची सर्व बोलणी या कराराने रद्द होतात. काचांबद्दल तो म्हणाला की, गाडी घेऊन या, फुकट कोरून देतो. पैसे परत करण्याचा विषयच नव्हता. गाडी परत करतो म्हटले, तर मुदतीआधी लीज मोडण्याचा खर्च कित्येक हजार डॉलर होऊ शकतो, ही ओळ करारातच छापलेली होती. खरेदी रद्द करण्यासाठी तीन दिवस मिळतात, असा समज आपल्या लोकांत फार पसरला आहे. केंद्राचा तो नियम दारावर येऊन केलेल्या विक्रीसारख्या व्यवहारांसाठी आहे. डीलरच्या दुकानात बसून केलेल्या सहीला तो लागू होत नाही.

मग कार्यालयांच्या पायऱ्या सुरू झाल्या. १६ जून रोजी मी राज्याच्या ग्राहक तक्रार विभागाकडे चौदा पानांचा अर्ज पाठवला, सोबत संदेशाचे चित्र, कार्डाची पावती, काचांचे फोटो आणि पूर्ण हिशेब जोडला. पाच आठवडे काहीच आले नाही. फोन केला की यंत्र बोलायचे, यंत्रानंतर चाळीस-पन्नास मिनिटे संगीत, आणि एकदा माणूस भेटला तर त्याने अर्ज क्रमांक विचारून, प्रकरण विचाराधीन आहे, असे सांगून फोन ठेवला. १८ ऑगस्टला, म्हणजे ६३ दिवसांनी, पत्र आले. डीलरने सही केलेल्या कराराची प्रत सादर केली असून आम्ही खाजगी वादात निर्णय देत नाही, सबब फाइल बंद करण्यात येत आहे. काचांच्या फोटोंबद्दल एक अक्षर नव्हते. मी विचारतो, १,३९५ डॉलर घेऊन जे काम केलेच नाही, त्याच्या पुराव्याकडे पाहायला कोणता न्यायाधीश लागतो? फोटोत काच कोरी आहे. पावतीवर तारीख आहे. चौदा पाने कोणी उघडली तरी होती का? केंद्राच्या एका संस्थेकडे केलेल्या तक्रारीवर उत्तर आले की, नोंद घेतली आहे, वैयक्तिक तक्रारी आम्ही सोडवत नाही. फायनान्स कंपनीने कळवले की, दराबद्दल डीलरशी बोला. डीलरने कळवले की, दर फायनान्स कंपनी ठरवते. वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितले की, करारात लवादाचे कलम आहे आणि एवढ्या रकमेसाठी त्यांची फी परवडणार नाही.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली आणि ती सगळ्यात जास्त बोचली. निरुपयोगी जोडउत्पादने गळ्यात मारण्यास आणि स्पष्ट संमतीशिवाय पैसे लावण्यास मनाई करणारा नियम फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये केला होता. फिफ्थ सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने तो जानेवारी २०२५ मध्ये, नियम करण्यापूर्वीची एक प्राथमिक सूचना काढली नव्हती या कारणावरून, रद्द केला. माझी सही त्यानंतर चार महिन्यांनी झाली.

ट्रेड-इनचे पैसे लीजमध्ये घालूच नका, धनादेश मागा. गाडीचा पहिल्या काही महिन्यांत अपघात होऊन ती पूर्ण निकामी झाली, तर विमा आणि गॅप संरक्षण (विम्याची रक्कम आणि लीजचे देणे यांतली तफावत भरणारे) फायनान्स कंपनीचे देणे फेडतात. आपण सुरुवातीला भरलेले हजारो डॉलर सहसा परत मिळत नाहीत. माझे ७,२०० अजूनही तसेच टांगलेले आहेत. टॅब्लेटवर सही करायची असेल तर आधी छापील प्रत मागा. देत नसतील तर सही नाही. आणि जोडीदार ‘घरी नेऊ या’ म्हणत असेल तर त्याचे ऐका.

लवादाच्या कलमातून लघुवाद न्यायालय वगळलेले आहे, हे मला कलम चौथ्यांदा वाचताना सापडले. ट्रेड-इनचे २,००० आणि न केलेल्या कामाचे १,३९५, असा ३,३९५ डॉलरचा दावा मी तिथे स्वतः दाखल केला आहे. वाढीव दराचे पैसे त्यात मागता येणार नाहीत, कारण ते कायदेशीररीत्या घेतलेले आहेत. सुनावणीची तारीख मिळालेली नाही. काचा मी अजून कोरू दिलेल्या नाहीत.