साधा पिंजरा की भोकांची भिंत? मादी उंदराच्या समागमाचा प्रयोग मांडताना

बेळगाव-धारवाड भागात विस्टार (प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर) माद्यांवर असं काम सुरू करणारे विद्यार्थी मला बहुधा हेच विचारतात: नर-मादीला एकाच साध्या पिंजऱ्यात सोडायचं, की मधे भोकांची भिंत घालायची? मी दोन्ही मांडण्या वापरल्या आहेत. नीती समितीची मंजुरी, अंडाशय काढणं, एस्ट्रॅडायॉलनंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देणं, उलटं प्रकाशचक्र (दिवसा अंधार, रात्री उजेड) हे दोन्हीकडे सारखंच, म्हणून सोडतो.

साधा पिंजरा लवकर उरकतो, धुवायला सोपा. लॉर्डोसिस कोशंटही, म्हणजे नर चढल्यावर दर शंभर वेळांपैकी किती वेळा मादी पाठ वाकवून प्रतिसाद (लॉर्डोसिस) देते तो आकडा, लगेच हातात येतो. मेंदूशास्त्रज्ञ डोनल्ड फाफ यांनी उलगडलेल्या लॉर्डोसिसच्या मज्जातंतूंच्या मार्गापुरताच तुमचा प्रश्न असेल, तर तो पुरेसा आहे.

मला अडलं ते एकाच ठिकाणी. हार्मोन नीट दिले की कोशंट शंभराला टेकतो आणि तिथेच चिकटतो. तपासायचं औषध दिलेली मादी शंभर, न दिलेलीही शंभर. समोर मात्र दिसत असतं की एक कोपऱ्यात सरकून नराला लाथा मारतेय आणि दुसरी कान फडफडवत त्याच्यापुढून उड्या मारत पळतेय. आकड्याच्या लेखी दोघी सारख्याच! हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

भिंतीची भोकं मादीपुरती असतात, थोराड नर त्यातून जात नाही. नराकडून कधी निघायचं, त्याच्याकडे कधी परतायचं हे ती ठरवते. नर नुसता चढला तर ती लवकर परतते, इंट्रोमिशननंतर (लिंगप्रवेशानंतर) जरा उशिरा, वीर्यस्खलनानंतर सर्वांत उशिरा. हा वेळ कुठल्या कमाल आकड्यावर अडत नाही. परेदेस आणि अलोन्सो या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं की आपल्या गतीने समागम केलेली मादी त्या अनुभवाशी जोडलेली जागा पसंत करू लागते. पुढे ओपिऑइडचा परिणाम अडवणाऱ्या नालोक्सोन या औषधाने ही पसंती रोखली गेली, म्हणजे यात मेंदूतल्या ओपिऑइडचा (अफूसारख्या नैसर्गिक रसायनांचा) हात आहे. मला तरी खरा विषय इथूनच सुरू होतो असं वाटतं.

त्रास आहेच. कोवळा नर भोकातून घुसतो, चित्रफितीवरून नोंदी करण्यात रात्र जाते, पावसाळ्यात लाईट गेली तर लांबलेली चाचणी मधेच तुटते. इन्व्हर्टर हवाच. पेटीची मात्र काळजी नको, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माप दिलं की अ‍ॅक्रिलिक कापून मिळतं.

प्रबंधाची तारीख अगदी जवळ असेल तर साध्या पिंजऱ्याला मी नाही म्हणणार नाही. पण मादीला काय हवंय हे तुमच्या प्रश्नात असेल, तर भिंत करून घ्या. आणि चाचणीआधी तिला रिकाम्या पेटीत भोकांमधून ये-जा करू द्या, नाहीतर बुजून ती एकाच बाजूला बसून राहते.