ट्रॅक्टरच्या केबिनचा एसी थंड करत नसेल, तर गॅस भरण्याआधी इथे दाखवा

मी निफाड तालुक्यातली. चार एकर द्राक्ष, बाकी कांदा आणि गहू. बागेत मंडपाखाली छोटाच ट्रॅक्टर चालतो, त्याला केबिन नाही. मोठा केबिनवाला आम्ही घेतला तो नांगरणी, रोटाव्हेटर आणि भाड्याच्या कामासाठी. मालक गेल्यानंतर तीन वर्षं भाड्याची कामं मी आणि माझा मुलगा मिळून बघतो. दिवसा तो चालवतो. घाईच्या दिवसांत संध्याकाळी मी बसते.

केबिन घेतलं तेव्हा गावात काही जणांना तो चोचला वाटला. पण एप्रिलमध्ये गव्हाच्या मोकळ्या रानात रोटाव्हेटर चालवून बघा. मागून उठलेला धुरळा वाऱ्याबरोबर पुढे येतो आणि ट्रॅक्टर स्वतःच्याच धुळीत चालतो. उघड्या ट्रॅक्टरवर बसून बसून माझ्या मालकांना कायमचा खोकला जडला होता. म्हणून मुलाच्या बाबतीत मला काही ऐकायचं नव्हतं. काचा बंद ठेवायच्या तर आत गारवा पाहिजे. एसी बंद पडला की पोरगं दार उघडतं आणि केबिन असून नसल्यासारखं होतं.

यंदा मार्चच्या शेवटी तेच झालं. सकाळी आठला हवा गार यायची. अकरा वाजले की कोमट. दुपारी तर बाहेरची बरी, अशी. जवळच्या एका दुकानात नेला. त्यांनी काही न बघता गॅस भरला, २,२०० रुपये घेतले. संध्याकाळ होती, ट्रॅक्टर सावलीत उभा होता, हवा गार लागली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी रानात पुन्हा तेच. पुन्हा नेला, पुन्हा गॅस, पुन्हा २,२००. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, कॉम्प्रेसर गेलाय, बावीस हजार लागतील. त्याच आठवड्यात एका दुपारी मुलाचा घोळणा फुटला. शर्टाचा पुढचा भाग रक्ताने भरलेला, तसाच घरी आला. मी काम थांबवलं. चार जणांची रानं अडली होती, तरी थांबवलं.

एका ओळखीच्या द्राक्ष बागायतदारांनी आडगावच्या बाजूला हायवेलगत असलेलं हे गॅरेज सांगितलं. ट्रक, जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या एसीचीच कामं करतात. आमच्या गावापासून ट्रॅक्टरने दीड तास लागला.

दुकान म्हणजे पत्र्याची लांब शेड, पुढे मोकळी जागा. गॅरेजवाल्या दादांनी आधी ट्रॅक्टर शेडमध्ये घेतलाच नाही. म्हणाले, "ताई, उन्हातच राहू द्या. सावलीत सगळे एसी चांगले असतात." मला तिथेच बरं वाटलं. पारा चाळिशीच्या आसपास होता, दुपारचा एक वाजला होता. इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, एसी फुल, दारं बंद. आतल्या जाळीत त्यांनी लांब दांडीचा थर्मामीटर खोचला आणि दहा मिनिटं कशालाच हात लावला नाही. आकडा आला २१. तो एका पुठ्ठ्यावर लिहिला.

मग छतातला फिल्टर काढला. मी फिल्टर दर महिन्याला झटकते, पण झटकून वरवरची माती जाते. त्यांनी तो उन्हाकडे धरला तर पलीकडचा उजेडच दिसेना. गव्हाचं बारीक भुसकट आणि माती मिळून लेप बसला होता. फिल्टर बाजूला ठेवून पंखा लावला तसा वारा दुपटीने आला. "हवाच जात नसेल तर आतली कॉइल गार होऊन काय करणार," दादा म्हणाले. नवीन फिल्टर ६५० चा.

त्यानंतर बॉनेट. आमच्या ट्रॅक्टरमध्ये कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे आहे. बाहेरून जाळी बरी दिसत होती, कारण निघण्याआधी मी ट्रॅक्टर धुतला होता. त्यांनी कंडेन्सर दोन बोल्टवर पुढे ओढला आणि मागची बाजू दाखवली. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये भुसकटाची गादीच बसलेली! केबिनमधून गोळा केलेली उष्णता बाहेर टाकायची जागा हीच, आणि तिच्या अंगावर आम्ही गोधडी पांघरली होती. इंजिनकडून पुढच्या दिशेने, कमी दाबाची हवा लांबून मारत मारत त्यांनी ती काढली. मी घरी प्रेशरच्या पाण्याने पुढून धुते हे सांगितल्यावर त्यांनी वाकलेली पाती बोटाने दाखवली. जोराच्या पाण्याने पातळ पाती आडवी होतात आणि भुसकट आणखी आत जातं. एका छोट्या कंगव्याने त्यांनी ती सरळ केली. अर्धा तास त्यात गेला. आकडा १७.

इथे कुणीही थांबलं असतं. एकवीसचे सतरा झाले म्हणजे गिऱ्हाईक खूश. पण दादा केबिनच्या मागच्या खांबाजवळ गेले आणि वर जाणाऱ्या दोन रबरी पाइपांवर हळूच बोट टेकवलं. मलाही लावायला सांगितलं. दोन्ही चटका बसेल असे तापलेले. ते हीटरचे पाइप होते. हीटरचं बटण आमच्याकडे उन्हाळाभर बंदच असतं, तरी इंजिनचं गरम पाणी छतापर्यंत जात होतं. हीटरचा व्हॉल्व्ह आतून अर्धवट उघडा राहिला होता. म्हणजे एकाच डब्यात एक कॉइल हवा गार करतेय आणि शेजारची तीच हवा पुन्हा तापवतेय. त्यांनी एक पाइप चिमट्याने दाबून बंद केला आणि मला सीटवर बसवलं. तोंडावरचा वारा बदललेला मला मिनिटा-दोन मिनिटांत कळला. दहा मिनिटांनी काटा १३ वर. पन्नास रुपयांच्या चिमट्याने जे कळलं, त्यासाठी मला कॉम्प्रेसर बदलायला सांगितला होता. तो सांगणाऱ्याने पाइपला एकदा हात लावून बघायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

शेवटी गॅसचा दाब मोजायचे गेज लावले. निळा, म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, ठीक होता; लाल, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूचा, साडेतीनशे पीएसआयच्या आसपास. जाळी साफ असूनही एवढा दाब म्हणजे गॅस जास्त झालाय, असं ते म्हणाले. मला पटेना. गॅस जास्त तर गारवा जास्त, असंच आपण धरून चालतो. त्यांनी समजावलं ते असं: गॅस दाबला की तापतो, कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून त्याचं पातळ द्रव होतं, तेच द्रव आत जाऊन पुन्हा वायू होताना केबिनमधली उष्णता ओढून घेतं. गॅस जास्त कोंबला की कंडेन्सरची निम्मी जागा द्रवानेच भरते. उष्णता सोडायला जागा उरत नाही, दाब चढतो, आणि कॉम्प्रेसर फुटू नये म्हणून प्रेशर स्विच त्याला बंद करतो. रानात दुपारी मधूनच "टक" आवाज यायचा आणि हवा कोमट व्हायची ती यामुळे. भुसकटाने आधीच दाब वाढलेला, त्यावर दोनदा जादा गॅस.

मशीन लावून त्यांनी सगळा गॅस काढून मोजला. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर ९०० ग्रॅम लिहिलेत, आमच्यातून निघाला १,१४० ग्रॅम. मी तो आकडा स्वतः वाचला. म्हणजे गॅस गळतच नव्हता. "ताई, गॅस म्हणजे डिझेल नाही, जळून संपायला. बंद नळीतच फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, आणि ते भोक आधी शोधायचं." खात्री म्हणून चाळीस मिनिटं व्हॅक्यूम ओढला, पंप बंद करून अर्धा तास काटा तसाच राहतो का ते बघितलं. व्हॅक्यूमने नळीतली ओलही निघते. मग स्टिकरप्रमाणे वजन करून ९०० ग्रॅम.

गॅस हवेत सोडत नाहीत हे मला विशेष आवडलं. हा आर-१३४ए. ओझोनला तो धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त घातक आहे. फेब्रुवारीत तयार घडांवर अवकाळी पाऊस झोडपून जातो, तेव्हा वर्षाचं पीक एका रात्रीत जाताना मी बघितलंय. त्यामुळे नळी उघडून "फुस्स" करून मोकळं होणारी माणसं मला बघवत नाहीत.

शेवटचा आकडा ९. लाल काटा सव्वादोनशे-अडीचशेच्या मध्ये.

व्हॉल्व्ह त्यांच्याकडे नव्हता, दोन दिवसांनी पुन्हा यावं लागलं. इथल्या उन्हात हीटर कशाला, कायमचा बंद करू का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. डिसेंबरात निफाडच्या पहाटे काय असतात ते आम्हाला माहीत आहे. उसाची ट्रॉली घेऊन मुलगा पहाटे निघतो तेव्हा काचेवरचं धुकं हीटरशिवाय जात नाही.

बिल: फिल्टर ६५०, व्हॉल्व्ह ९००, गॅस काढून मोजून भरणं १,८००, मजुरी १,२००. एकूण ४,५५०. आधी फुकट गेले ४,४००, जवळपास तेवढेच. जुना फिल्टर आणि जुना व्हॉल्व्ह पिशवीत घालून परत दिला.

न आवडलेलंही सांगते. रानात येत नाहीत, ट्रॅक्टर घेऊन जावंच लागतं. हायवेवर उन्हात दीड तास जाणं आणि परत येणं म्हणजे एक दिवस गेला. बसायला दोन खुर्च्या, त्याही टायरच्या ढिगामागे. बाईमाणसाला जायला स्वच्छतागृह नाही. मी दादांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं, पण दुसऱ्या खेपेलाही तसंच होतं. फोन उचलत नाहीत, सकाळी नऊच्या आत गेलात तर नंबर लवकर लागतो.

निघताना त्यांनी मागच्या काचेजवळचं एक भोकही बुजवलं. ट्रॉलीच्या लाइटची वायर आत घ्यायला आम्हीच पाडलं होतं, रबर न लावता. केबिनमधली निम्मी धूळ तिथून येत होती. त्याचे पैसे लावले नाहीत. हिवाळ्यातही पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटं एसी चालवायला सांगितलंय, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, बंद राहिला की सील सुकतात. आणि एक गोष्ट मी विचारून घेतली, ती फवारणीवाल्यांसाठी इथे लिहिते: हा साधा फिल्टर धूळ अडवतो, औषधाची वाफ नाही. त्याला कार्बनचा फिल्टर वेगळा लागतो. त्यामुळे केबिन आहे म्हणून मास्क काढू नका.

आता मेचा दुसरा आठवडा चालू आहे. अडलेली चारही रानं झाली. मुलगा दुपारी दार बंद करून काम करतो. परवा मी स्वतः तीन तास बसले, डोक्यावरचा पदर कोरडा होता.

तुम्ही जाणार असाल तर ट्रॅक्टर धुऊन नेऊ नका. मी धुतला होता, त्यावर दादा हळहळले. गॅस जिथून गळतो तिथून थोडं तेलही येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा डाग पडतो. पहिल्यांदा ते तो डाग शोधतात. धुतला की तो जातो.