नागपुरात विकलं जाणारं ‘कोकण पॅकेज’: पैसे देण्याआधी हे वाचा

नागपूरकरांना कोकणात जागा घ्यायची हौस लागून फार वर्षं झाली नाहीत, पण आता ती चांगलीच मुरली आहे. दापोली, गुहागर, मालवणकडे पाच-दहा गुंठे घेऊन ठेवलेली माणसं आमच्या कॉलनीतच निघतील. जागेला कुंपण पडलं की पुढचा विषय झाडांचा. आपली माणसं संत्र्याच्या बागेत वाढलेली. काळ्या जमिनीची, दुष्काळी वर्षाची, उन्हाळ्याची त्यांना जाण आहे. समुद्रकाठच्या दमट हवेत काय जगतं, हे मात्र इथे फारसं कोणाला ठाऊक नसतं. हे बरोबर हेरून काही रोपविक्रेत्यांनी ‘कोकण पॅकेज’ नावाचा प्रकार काढलाय. आमचे 30,000 रुपये त्यात गेले.

आमची जागा विकतची नाही. माझ्या बायकोच्या वाट्याला माहेरची 10 गुंठे आली, गुहागर तालुक्यात, समुद्रापासून थोडी आत, उताराची जांभा, म्हणजे लाल खडकाळ, जमीन. मेहुणा तिथून जवळच राहतो. शेतीच्या एका प्रदर्शनात या विक्रेत्याचा स्टॉल होता. दोन फुटांच्या रोपाला नारळाएवढा लालबुंद आंबा लटकलेला, त्यामुळे गर्दी तिथेच. माणूस बोलायला गोड. “काकाजी, तुमी फक्त खड्डे करून ठेवा, बाकी सगळं माह्यावर सोडा. तिकडची हवाच अशी हाय की काठी रोवली तरी फुटते.” कुंडीतल्या आंब्याचा फोटो बायकोने हौसेने काढला होता. पुढे तक्रारीसाठी तो मोठा करून पाहिला, तर आंब्याचा देठ आणि फांदी यांच्यामध्ये बारीक हिरवी तार गुंडाळलेली स्पष्ट दिसते.

पॅकेजमध्ये 60 झाडं होती: हापूस 10, केसर 5, ‘वेंगुर्ला-4’ काजू 10, कोकम 10, फणस 5, नारळ 5, जायफळ 5, संत्रा 5, ‘गरम हवेचं’ सफरचंद 3 आणि ‘मियाझाकी’ आंबा 2. सरसकट 500 रुपये नग. खरं तर ही यादीच विक्रेत्याची लबाडी सांगते. हापूसचं कलम पारंपरिक पद्धतीने 10 बाय 10 मीटरवर लावतात, म्हणजे 10 गुंठ्यांत सगळी मिळून दहाच बसतात. 60 झाडं कोंबली तर एका झाडाला 17 चौरस मीटरसुद्धा येत नाहीत. पण जितके नग जास्त तितका त्याचा गल्ला मोठा. घन लागवडीत झाडं जवळ लावतात हे खरं. तिथे छाटणीचं सगळं शास्त्र पाळावं लागतं. यात तर फणस आणि आंबा शेजारी शेजारी उभे करायचे होते.

रोपं पार्सलने पोहोचली त्या दिवशी मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. “भावोजी, तुम्ही कलमं घेतलीत की रोपं?” कलम म्हणजे चांगल्या जातीच्या झाडाची काडी दुसऱ्या रोपावर जोडून केलेलं झाड, आणि नुसतं रोप म्हणजे बियांपासून उगवलेलं. मी म्हटलं, कलमंच, पट्टी बघ ना बांधलेली. त्याने मोबाइल फणसाच्या बुंध्याला टेकवला आणि ब्लेडने एका हापूसची प्लास्टिकची पट्टी कापली. पट्टीखाली जोडच नव्हता. सालीवर चाकूने एक तिरपी चीर मारलेली, तीही भरून येत आलेली. खोड मात्र खालपासून वरपर्यंत एकसलग, एकाच रंगाचं. खऱ्या कलमात जोडाजवळ किंचित फुगीर गाठ असते, खालच्या आणि वरच्या सालीचा पोत वेगळा दिसतो. कोकणात सर्रास होणाऱ्या कोय कलमात, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर बांधलेल्या कलमात, हा जोड मातीपासून फार वर नसतो. आमच्या हापूस-केसरच्या 15 झाडांपैकी 4 खरी कलमं निघाली, आणि ती नेमकी कशाची हे आजही कोणी सांगू शकत नाही. बाकीची 11 कोयीपासून उगवलेली रायवळ.

लेबलं रबरबँडने अडकवली होती. प्रवासात इकडची तिकडे झाली असतील, कारण दोन कोकमांच्या गळ्यात काजूची जात लटकत होती.

कोकमाचं प्रकरण सगळ्यात बेमालूम. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासून रोपं केली तर साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळतं झाड फुलल्यावर, म्हणजे कितीतरी वर्षांनी. तोवर खत, पाणी, राखण सगळं चालूच. म्हणून कोकमाचं कलमच घ्यायचं, तेही सरळ वर वाढणाऱ्या फांदीच्या काडीचं. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड उंच न होता जमिनीलगत पसरत राहतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती तिकडे नावाजलेल्या आहेत. अमृताची फळं पावसाआधी हाती येतात, हा मोठाच फायदा, कारण एकदा झड लागली की कोकमं झाडाखाली कुजतात. आम्हाला मिळालेली दहाही रोपं बियांची होती. जायफळातही नर-मादीचा तोच प्रकार आणि तीही पाचही बियांचीच. शिवाय जायफळाला सावली लागते, बारमाही ओल लागते. ते नारळ-सुपारीच्या बागेतलं पीक. उघड्या जांभ्यावर ते डिसेंबरपर्यंत टिकलं हीच त्याची कर्तबगारी.

संत्र्याबद्दल मला जास्त राग आहे, कारण इथे त्याने आमच्या भावनेला हात घातला. “काकाजी, नागपूरची आठवण म्हणून तरी पाच न्या.” नागपुरात बसून संत्र्याबद्दल असं खोटं बोलायला छाती लागते. आपल्या संत्र्याला बहर धरायचा तर पाण्याचा ताण द्यावा लागतो, रात्रीचा गारवा मिळाला तर फळाला रंग चढतो, आणि मुळांशी पाणी साचलं की डिंक्या रोग झाड खातो. आपल्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस. तिथे तीन हजारांच्या वर, तोही बहुतेक चार महिन्यांत. पहिल्याच पावसाळ्यात दोन झाडांच्या बुंध्यातून डिंक यायला लागला. उरलेली उभी आहेत, पण त्यांच्याकडून काही अपेक्षा नाही.

सफरचंदाची गोष्ट थोडक्यात. कमी थंडीत फळणाऱ्या सफरचंदाच्या जाती खरोखर आहेत, पण कमी थंडी म्हणजे थंडी मुळीच नको असं नव्हे. समुद्रकाठी हिवाळ्यातही रात्र उबदार असते. तिन्ही गेली.

‘मियाझाकी’बद्दल मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण हे नाव आता नागपुरात प्रत्येक रस्त्याकडेच्या रोपांच्या गाडीवर दिसतं. ‘लाखो रुपये किलोचा आंबा’ असा फलक आणि खाली दीड-दोन हजारांचं रोप. मियाझाकी हा जपानमधला एक प्रांत. तिथे पिकतो तो प्रामुख्याने ‘आयर्विन’ जातीचा आंबा, मूळचा अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा. जपानी शेतकरी तो हरितगृहात वाढवतात, एकेक फळ जाळीत झेलतात, आणि त्यातली किमान 350 ग्रॅम वजनाची आणि ठरावीक गोडीची निवडक फळंच खास नावाने विकतात. लिलावातला विक्रमी भाव त्या निवडीचा आणि त्या कौतुकाचा असतो. कुंडीतलं रोप तो भाव सोबत घेऊन येत नाही. त्यातून आम्हाला दिलेली दोन रोपं मियाझाकी होती यालाही पुरावा म्हणजे तेच रबरबँडचं लेबल.

मग फोन सुरू झाले. आधी “पाणी जास्त झालं असन”, मग “तुमची जमीन चेक केली का?”, मग “साहेब बाहेरगावी गेले”, शेवटी नंबर बंद. स्टॉलवरच्या कार्डावर ‘शासनमान्य’ आणि खाली परवाना क्रमांक छापला होता. कृषी विभागात तो दाखवला तेव्हा कळलं की ती उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आहे. ही नोंदणी कोणीही स्वतःच माहिती भरून ऑनलाइन, फुकट करू शकतो. रोपाच्या दर्जाशी तिचा काडीचा संबंध नाही. फळझाडांच्या रोपवाटिकेला महाराष्ट्रात वेगळा परवाना लागतो, त्यासाठी 1969 पासून स्वतंत्र कायदा आहे. पैसे ज्या क्यूआर कोडवर गेले ते खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर. आणि पावती! पावतीवर लिहिलंय: ‘शोभेची रोपे, 60 नग’. ना हापूस, ना काजू, ना कलम. तुम्हाला हापूस दिला असं मी कधी म्हणालोच नाही, असं उद्या तो शांतपणे सांगू शकतो.

या धंद्याची खरी मेख मला वकिलाकडे बसल्यावर कळली. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. चांगल्या कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोहर येतो, कोयीच्या झाडाला सात-आठ वर्षं सहज लागतात. म्हणजे झाड स्वतः खरं बोलेपर्यंत मुदतीचा वाद उभा राहतो. विक्रेता या मधल्या काळावर जगतो. आमचा मेहुणा पहिल्याच दिवशी ब्लेड घेऊन बसला म्हणून आमची तक्रार वेळेत गेली. ती नागपुरातच दाखल करता आली, कारण 2019 च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंत फी नाही. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंद केली. पट्टी कापतानाचा व्हिडिओ मेहुण्याने जपून ठेवला होता, त्याचा उपयोग होतोय.

तेव्हा रोप हातात घेतानाच बघा. पट्टी सोडवायला लावा. जुनं कलम असेल तर तिची गरजही संपलेली असते. विक्रेता कुरकुरला तर पुढे चला. पिशवीतलं रोप बुंध्याला धरून हळूच वर ओढा. माती सोडून सरसर वर आलं तर ते कुठूनतरी उपटून परवाच पिशवीत भरलंय. पावतीवर झाडाचं नाव, जात, कलम की रोप, आणि परवाना क्रमांक लिहून घ्या. आणि कोकणात लावायची झाडं नागपुरातून नेऊच नका. हजार किलोमीटर झाडं हलवण्यात काही शहाणपण नाही. दापोलीचं विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र इथे कलमं मिळतात. मागणी मोठी असते म्हणून आधी नोंदवावी लागतात, एवढंच.

आमच्या जागेत आता मेहुण्याच्या सल्ल्याने नव्याने लागवड झाली आहे. वरच्या उतारावर काजू, कारण त्याला हलकी जमीन चालते. मध्ये हापूसची मोजकी कलमं, तीही तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग यांच्यासाठी फवारणी करावी लागणार हे धरूनच. दमट हवेत आंब्याचा मोहर आपोआप टिकत नाही, हे तिकडचा कुठलाही बागायतदार सांगेल. एक कापा फणस, विहिरीजवळ बाणवली नारळ, त्यांच्या सावलीत कोकमाची कलमं. ‘कोकण बहाडोली’ जांभूळ बायकोच्या हट्टाचं. पावसाळा संपला की जांभा जमीन भराभर सुकते, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागेल. ‘तिकडे पाऊस इतका, पाण्याची काय गरज’ असं त्या विक्रेत्यानेही सांगितलं होतं आणि इथले शेजारीही सांगतात. अगदी किनाऱ्याला लागून जागा असेल त्यांनी आधी उंडी किंवा सुरूची वाऱ्याच्या बाजूने ओळ लावावी. खारा वारा कोवळी पानं करपवतो.

हा माणूस यंदा नव्या नावाने मानेवाड्याकडच्या रस्त्यावर गाडी लावतोय, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. आता ‘नागपूर पॅकेज’ही काढलंय म्हणे, त्यात रांबुतान आणि मँगोस्टीन आहे. मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या झळा आणि चुनखडीची काळी जमीन असलेल्या गावात ही दोन झाडं! ती मरतील तेव्हा दोन वर्षांची मुदत तरी शिल्लक असेल.